फौजेतल्या नेमबाजीचे बिल्ले आणि पदकं: थोडा इतिहास, थोडा वाद

रिकामी_पुंगळी (धागाकर्ता)

जुन्या ब्रिटिश पलटणींचे फोटो जवळून पाहिलेत का? एखाद्या शिपायाच्या डाव्या बाहीवर, मनगटाच्या थोडं वर, एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन रायफली शिवलेल्या दिसतात. तो मार्क्समनचा, म्हणजे पक्क्या नेमबाजाचा बिल्ला. परमवीर चक्र आणि व्हिक्टोरिया क्रॉसवर आपल्याकडे पानंच्या पानं लिहून झाली आहेत. हा बिल्ला पडला चांदमारीवर मिळणारा, त्यामुळे त्याची कहाणी सांगायला कोणी बसत नाही. बरेच दिवस या विषयात डोकं घालून बसलोय, म्हटलं इथे मांडावं.

मुळात नेमबाजीला बक्षीस ही कल्पनाच फौजेत उशिरा आली. गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीने शंभर यार्डांपलीकडचा एक माणूस ठरवून टिपणं हा नशिबाचा भाग होता. रांगेत उभं राहायचं, हुकूम झाला की झाडायचं, पुन्हा ठासायचं. कवायतीत पक्का तो शिपाई चांगला. नेम वगैरे शिकाऱ्यांची चैन.

नळीला आतून पिळाचे आटे पाडलेली बंदूक, म्हणजे रायफल, फौजेत शिरली तशी परिस्थिती बदलली. १८०० साली कूट मॅनिंगहॅमने ब्रिटिशांची रायफल कोअर उभी केली. तिच्या हातात बेकर रायफल होती. या लोकांनी निशाण्याच्या प्रतीनुसार शिपायांचे वर्ग पाडले आणि सगळ्यात वरच्या वर्गाला टोपीवर लावायला हिरव्या फितीचं फूल दिलं. तिकडे फ्रान्समध्ये नेपोलियन कॉन्सल झाल्या झाल्या, डिसेंबर १७९९ मध्ये, मानाच्या शस्त्रांचा हुकूम निघाला. शिपायाला चांदी मढवलेली बंदूक, ढोलवाल्याला मानाच्या टिपऱ्या, आणि तोफेचा नेम उत्तम धरणाऱ्या गोलंदाजाला बाहीवर लावायला सोन्याचा ग्रेनेड. बाकीची बक्षिसं मर्दुमकीची, गोलंदाजाचं मात्र सरळसरळ कसबाचं. माझ्या लेखी हा या बिल्ल्यांचा एक पणजोबा.

फ्रेंचांचा अजून एक प्रकार मला फार आवडतो. ठासणीच्या बंदुकीच्या कान्यात (दारू पेटवायच्या बारीक छिद्रात) राख साचली की ती काढायला शिपायाजवळ एक सुई असायची, एपिंग्लेत. एकोणिसाव्या शतकात पलटणीतल्या उत्तम नेमबाजाला हीच सुई साखळीला लावून, नटवून बक्षीस म्हणून द्यायला लागले. कोटाच्या बटणाला साखळी अडकवायची आणि मिरवायचं. मागून काडतूस भरायच्या रायफली आल्यावर त्या सुईचं काम संपलं, तरी बक्षिसातली सुई बरीच वर्षं टिकून राहिली.

ब्रिटिशांचा खरा कारखाना सुरू झाला १८५३ मध्ये, केंट परगण्यातल्या हाइथ गावी. तिथे स्कूल ऑफ मस्केट्री, म्हणजे बंदूक चालवायला शिकवणारी शाळा निघाली. त्याच साली एनफील्ड रायफल मंजूर झाली. आता सामान्य शिपायाच्या हातात कित्येक शे यार्ड अचूक जाणारं हत्यार आलं होतं, पण ते वापरायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. अंतर नजरेने ओळखणं, रायफलीची साइट लावणं, श्वास धरणं हे सगळं शिकवावं लागणार होतं, आणि खेड्यातून, गिरणीतून आलेल्या पोराला त्यात गोडी लागावी कशी? मग बाहीवर रायफलींचा बिल्ला, पलटणीतल्या सर्वोत्तम नेमबाजाच्या बिल्ल्यावर मुकुट, आणि रोजच्या पगारावर किरकोळ पेनीची वाढ.

१८६० साली नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळावा विंबल्डनला भरला (हो, टेनिसवाल्या विंबल्डनलाच, टेनिस नंतरचं). २ जुलैला राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली. व्हिटवर्थ रायफल स्टँडवर घट्ट आवळून आधीच नेम धरून ठेवली होती, राणीने रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. असा निशाणा कोणालाही जमेल म्हणा. पण राणीने हात लावला म्हटल्यावर नेमबाजी घरंदाज झाली.

याच राणीने १८६९ मध्ये फौजेतल्या सर्वोत्तम नेमबाजासाठी वेगळं पदक सुरू केलं. आधी ब्राँझचं, थोड्याच वर्षांत चांदीचं. मागच्या बाजूला कीर्तिदेवता हातात तुतारी घेऊन एका बसलेल्या योद्ध्याच्या डोक्यावर विजयमाला ठेवतेय, आणि योद्ध्यापाशी धनुष्य, भाता आणि बाण रुतलेलं निशाण आहे. रायफलच्या स्पर्धेचं पदक, चित्र धनुर्धराचं! १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पदक बंद पडलं, ते १९२३ मध्ये पंचम जॉर्जने पुन्हा सुरू केलं आणि साम्राज्यातल्या इतर सेनांनाही खुलं केलं. फितीवर सालाची पट्टी असते. पुन्हा जिंकलं तर दुसरं पदक देत नाहीत, नव्या सालाची पट्टी चढते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे बिल्ले उत्तम नेमबाजासाठी निघालेच नव्हते. उत्तम नेमबाज बिल्ल्याविनाही मारतोच. ते बाकीच्या नव्वद टक्क्यांना सरावाला ओढण्यासाठी होते. आणि जवळजवळ प्रत्येक देशात ते कुठेतरी नाक कापलं गेल्यावरच निघालेत. पटतंय का बघा.

---

शंकासुर

लेख आवडला. पण कागदाला गोळी घालण्यात एवढं काय कौतुक? कागद उलटी गोळी मारत नाही.

नाक कापलं जाण्याचं उदाहरण एकही दिलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

---

ओहायोकर

शंकासुर, अमेरिकेचं घ्या. यादवी युद्धात उत्तरेकडच्या शिपायांचा नेम इतका दिव्य होता की युद्ध संपल्यावर विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट या दोन माजी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये इकडची नॅशनल रायफल असोसिएशन काढली. आज बातम्यांत राजकारणासाठी येते तीच ही. सुरुवात झाली ती न्यूयॉर्कच्या मिलिशियाला नेम धरायला शिकवण्यापासून.

तरी सरकारी फौज ढिम्म होती. सरावाला महिन्याला मोजक्या गोळ्या. मग जून १८७६ मध्ये लिटल बिगहॉर्नला मूळ अमेरिकी जमातींशी लढताना कस्टर हा अधिकारी त्याच्या तुकडीसकट मारला गेला आणि सगळ्यांना जाग आली. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत नेमबाजीची नियमपुस्तकं आली, सरावाच्या गोळ्या वाढल्या, मार्क्समनची बटणं, शार्पशूटरचे क्रॉस, विभागीय स्पर्धा, सगळं धडाधड आलं. १८८७ चा डिस्टिंग्विश्ड मार्क्समनचा बिल्ला त्यातलाच. म्हणजे पुंगळीसाहेबांचा मुद्दा इकडे तरी शंभर टक्के लागू.

पैशाचंही बघा. १९०८ च्या कायद्याप्रमाणे साध्या शिपायाचा पगार महिना १५ डॉलर. मार्क्समन झालात तर २ डॉलर वर, शार्पशूटरला ३, एक्स्पर्टला ५. पंधरावर पाच म्हणजे आजच्या भाषेत तेहतीस टक्के इन्क्रिमेंट. अप्रेझलमध्ये मला इतकं कधी मिळालं नाही.

---

रिकामी_पुंगळी

@ओहायोकर, झकास! पैशाची हीच गोष्ट ब्रिटनमध्येही होती. पहिल्या महायुद्धाआधीच्या नियमांत वार्षिक परीक्षा २०० गुणांची. १३० ला मार्क्समन, १०५ ला फर्स्ट क्लास, ७० ला सेकंड क्लास, त्याखाली थर्ड क्लास. प्राविण्य भत्ता नेमबाजीच्या दर्जाशी बांधलेला. पायदळाच्या शिपायाला दिवसाला एक शिलिंग, म्हणजे १२ पेनी. त्यावर वरच्या दर्जाचा भत्ता ६ पेनी. बाहीवरचा बिल्ला कोण बघतो, पण निम्म्या पगाराएवढी वाढ म्हटल्यावर पोरं सुट्टीच्या दिवशीही बरॅकीत रिकामी रायफल घेऊन ट्रिगर दाबत बसायची.

---

चष्मेवाली

उत्तम धागा. दोन भर, एक खोडी.

पहिली भर. लेखात एनफील्ड आली आणि तुम्ही १८५७ गाळून पुढे गेलात! नवी रायफल शिकवण्यासाठी हाइथच्या धर्तीवर हिंदुस्थानात दमदम, अंबाला आणि सियालकोट इथे शिक्षणकेंद्रं काढली होती. वेगवेगळ्या पलटणींतून निवडक शिपाई तिथे पाठवायचे, त्यांनी शिकून परत जाऊन बाकीच्यांना शिकवायचं. दाताने फाडायच्या काडतुसाची आणि त्याच्या चरबीची कुजबुज दमदमहूनच सुटली. बंगालच्या पलटणींत असंतोष आधीपासून धुमसत होताच, पण ठिणगी पडली ती नेमबाजीच्या शाळेत. उठाव मोडल्यानंतर बरीच वर्षं देशी पलटणींना हत्यारं एक पिढी जुनी देण्याचं धोरण राहिलं. गोऱ्यांकडे नवी रायफल, देशी शिपायाकडे मागची. अशा वेळी दोघांच्या निशाण्याची तुलना करून बक्षिसं वाटणं म्हणजे काय न्याय होता ते तुम्हीच ठरवा.

दुसरी भर. दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध. डिसेंबर १८९९ मध्ये एका आठवड्यात ब्रिटिशांनी स्टॉर्मबर्ग, माखर्सफाँटेन आणि कोलेन्झो अशा तीन ठिकाणी मार खाल्ला. समोर कोण? दाढीवाले शेतकरी. त्यांच्या बाहीवर काही नव्हतं. ब्रिटिशांकडे तेव्हा हाइथची शाळा होती, मार्क्समन होते, बिल्ले होते, सगळं होतं. मग पुंगळीसाहेब, तुमचे बिल्ले करत काय होते?

---

शंकासुर

@चष्मेवाली, हेच म्हणत होतो मी. फक्त मला इतकं वाचन नाही. :)

---

रिकामी_पुंगळी

बिल्ले ज्याची परीक्षा घेत होते तेच देत होते. मुद्दा इथेच आहे. तोपर्यंत हाइथची सगळी मदार माहीत असलेल्या अंतरावरच्या पांढऱ्या चौकोनी टारगेटवर आणि हुकमावर एकदम झाडायच्या फैरींवर. बोअर मात्र खडकाआड पडून, स्वतः अंतर ओळखून, एकेक माणूस टिपायचा. त्याच्या शिकारीत चुकलेल्या गोळीची किंमत होती. ब्रिटिशांनी जी परीक्षा ठेवली होती तिच्यात त्यांचे लोक पास होते, फक्त युद्धात वेगळा पेपर आला.

त्यानंतर परीक्षा बदलली. १९०५ पासून हाइथला नॉर्मन मॅकमहॉन नावाचा मुख्य प्रशिक्षक होता. पलटणीत त्याला 'मस्केट्रीवेडा' म्हणायचे. त्याने मशिनगनी मागितल्या, सरकारने पैसे नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा हा म्हणाला की मग प्रत्येक शिपायालाच मशिनगन करतो. ३०० यार्डांवर एका मिनिटात १५ नेमाच्या गोळ्या हा सराव परीक्षेतच घातला. तोच पुढे 'मॅड मिनिट' म्हणून प्रसिद्ध झाला. मॅकमहॉन स्वतः नोव्हेंबर १९१४ मध्ये ईप्रजवळ मारला गेला.

२३ ऑगस्ट १९१४ ला बेल्जियममधल्या माँसच्या कालव्यावर जर्मनांना समोर मशिनगनांची रांग आहे असं वाटलं, प्रत्यक्षात त्या नुसत्या ली-एनफील्ड रायफली होत्या, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच.

---

चष्मेवाली

ऐकली आहे, आणि खोडी तीच होती. ही गोष्ट ब्रिटिश बाजूनेच फार रंगवून सांगितली जाते. स्वतःच्या प्रशिक्षणाची तारीफ शत्रूच्या तोंडून करून घेण्याची ही जुनी पद्धत. वेगाने अचूक मारत होते हे खरं, जर्मनांचं नुकसान झालं हेही खरं. पण तेच प्रशिक्षित लोक त्या वर्षाच्या अखेरपर्यंत बहुतांशी मेले किंवा जखमी झाले, आणि नंतरच्या भरतीला तसं शिकवायला ना वेळ होता ना शिक्षक. दहा वर्षांच्या बिल्ल्यांची पुंजी चार महिन्यांत खर्चून टाकली.

---

सुभेदार_नाना

सर्वांना रामराम. मी पायदळात होतो, निवृत्त. इतिहास तुमच्याइतका नाही माहीत, रेंजवरचं थोडं सांगतो.

आमच्याकडे दरसाल रेंज क्लासिफिकेशन होतं. मार्क्समन, फर्स्ट क्लास, स्टँडर्ड आणि फेल. फेल झाला तर पुन्हा मारायचं, आणि कंपनीचा निकाल खराब आला तर रात्री कंपनी कमांडरसाहेब सगळ्यांना बोलावून घेणार. त्यामुळे मार्क्समन किती यापेक्षा फेल किती याकडे सगळ्यांचं लक्ष. पुंगळीसाहेब, तुम्ही बाकीचे नव्वद टक्के म्हणालात ते अगदी बरोबर.

बाहेरच्यांना वाटतं कौशल्य फायरिंग पॉइंटवर असतं. बट पार्टीत बसून बघा. खंदकात बसायचं, डोक्यावरून गोळ्या सूं सूं जाणार, टारगेट खाली ओढायचं, भोक बघायचं, चिकटपट्टी लावायची, वर ढकलायचं, दांड्याने गोळी कुठे लागली ते दाखवायचं. पूर्ण चुकली तर वॉशआउट, तो झेंडा हलला की सगळ्या रेंजला कळतं. ग्रुप बघून सांगता येतं कोण श्वास धरत नाही, कोण ट्रिगर झटकतो.

आणि हो, शंकासुर, पेन्सिलने भोक पाडून दोस्ताला पास करणारे सगळ्या फौजांत असतात. पेन्सिलचं भोक ओळखता येतं. गोळी कागदाला मागच्या बाजूला फाडते आणि भोकाच्या कडेला काळपट कडं राहतं.

---

शंकासुर

नाना, साष्टांग! धाग्याचे पैसे वसूल.

---

कोल्हापुरी_भडंग

नेमबाजी म्हणताय आणि कोल्हापूरचं नाव नाही? तेजस्विनी सावंत, २०१० म्युनिक, ५० मीटर प्रोन, विश्वविजेती. राही सरनोबत. आणि पॅरिस २०२४ ला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर थ्री पोझिशन, ब्राँझ. नाद करायचा नाही!

---

रिकामी_पुंगळी

भडंगराव, नाद कोण करतंय, पण धागा फौजेतल्या बक्षिसांचा आहे. स्वप्नील रेल्वेत आहे. :)

तुमच्यामुळे एक आठवलं मात्र. भारताची नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ ची आणि तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, कर्मभूमी अहमदाबाद. त्यांच्याच नावाने मावळंकर शूटिंग स्पर्धा चालते. एनसीसीतली बरीच पोरं पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरतात ती तिथेच.

---

सुभेदार_नाना

फौजेतलंच सांगतो. महूला इन्फंट्री स्कूलमध्ये आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, १९९३ पासून. सुभेदार विजयकुमार तिथलाच, १६ डोगराचा. लंडन २०१२ ला २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल, रौप्य. त्याआधी अथेन्स २००४ ला ग्रेनेडियर्सचे राज्यवर्धनसिंह राठोड, डबल ट्रॅप, रौप्य.

मजा बघा. विजयकुमारला २०१३ मध्ये अतिविशिष्ट सेवा पदक मिळालं. ते जनरल लोकांच्या छातीवर बघायची आम्हाला सवय, जेसीओच्या (सुभेदार वगैरे दर्जाच्या) छातीवर ते दिसणं म्हणजे दुर्मीळ गोष्ट. त्याला बढतीही मिळाली. म्हणजे ब्रिटिशांसारखं खास नेमबाजीचं राजपदक देण्यापेक्षा आपल्याकडे सेवापदक आणि बढती देतात. मला विचाराल तर जवानाला बढतीच हवी असते.

---

हॅम्बुर्गवाली_काकू

माझ्या ऑफिसातला एक जर्मन सहकारी राखीव सैनिक आहे. त्याच्या गणवेशावर उजव्या खांद्यापासून छातीवर आलेली वेणीसारखी दोरी पाहिली आणि विचारलं, तेव्हा हा विषय कळला. शुट्झेनश्नूर म्हणतात. आताची पद्धत १९६५ पासूनची, ब्राँझ, रौप्य आणि सुवर्ण. जर्मनीतल्या अमेरिकन सैनिकांना ती कमावायची फार हौस, कारण त्यांना ती त्यांच्या गणवेशावर लावायची परवानगी आहे.

दोरीची चाल मात्र जुनी, कैसर दुसऱ्या विल्हेल्मची, १८९४ ची. हिटलरच्या काळात तिच्या बारा पायऱ्या केल्या आणि दोरीला लटकणारी धातूची ओकफळं मोजून पायरी ओळखायची. अगदी जर्मन काम.

कैसरचीच दुसरी गोष्ट मला जास्त पटली. १८९५ पासून त्याने प्रत्येक कोअरमधल्या नेमबाजीत सर्वोत्तम ठरलेल्या कंपनीला बक्षीस सुरू केलं, आणि कंपनीतला प्रत्येक जण बाहीवर तो बिल्ला लावायचा. एकट्याने तीर मारून उपयोग नाही, शेजारच्याला शिकवलं तरच तुझ्या बाहीवर बिल्ला. नाना म्हणाले ते 'फेल किती' हेच, फक्त उलट्या बाजूने.

जाता जाता अजून एक. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांनी स्नायपरसाठी बिल्ला काढला, २०, ४० आणि ६० बळींच्या पायऱ्यांचा. पण पकडले गेलो तर तो बिल्ला म्हणजे मरणाचं आमंत्रण, म्हणून आघाडीवर तो लावायला लोक नाखूश असायचे.

---

चष्मेवाली

काकू, बळी मोजून बिल्ला आणि गुण मोजून बिल्ला, दोन फार वेगळ्या गोष्टी. पहिल्या प्रकाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

सोव्हिएत उदाहरण राहिलं. २९ ऑक्टोबर १९३२ ला 'व्होरोशिलोव्ह नेमबाज' हा बिल्ला सुरू झाला. संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्हच्या नावाचा. दंतकथा अशी की एका अधिकाऱ्याने स्वतःचा खराब निशाणा रिव्हॉल्व्हरवर ढकलला, तेव्हा व्होरोशिलोव्हने तेच रिव्हॉल्व्हर घेऊन सात गोळ्यांत ७० पैकी ५९ गुण काढले आणि सुनावलं की शस्त्र वाईट नसतं, नेमबाज वाईट असतो. खरंखोटं तो जाणे. वरिष्ठांची असली आख्यायिका हाताखालचे लोक आनंदाने पसरवतात.

बिल्ला मात्र नागरिकांसाठीही खुला होता. ओसोआव्हियाखिम नावाची संघटना कारखान्यांत, कॉलेजांत नेमबाजीचे क्लब चालवायची. ल्युदमिला पावलिचेंको कीव्हमध्ये अशाच क्लबात रायफल शिकली. पुढे युद्धात तिच्या नावावर ३०९ बळी नोंदले गेले. धागाकर्त्याच्या सिद्धान्तात ही मोठी भर आहे: इथे सराव फौजेत नव्हे, फौजेत येण्याआधीच करून घेतला होता.

आणि बायकांचाच विषय निघाला म्हणून, १९३० मध्ये इंग्लंडमधल्या बिझ्लीच्या रेंजवर किंग्ज प्राइझ मार्जोरी फॉस्टर या बाईंनी जिंकलं. कोंबड्या पाळायच्या. सैन्यातल्या लोकांनी भरलेल्या मैदानात, शेवटच्या फेरीत एका लेफ्टनंटला एका गुणाने मागे टाकून. विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावर मिरवायची तिथली प्रथा आहे, बाईंनाही तसंच मिरवलं.

---

पाटलांचा_धाकटा

वाचनखूण साठवली आहे. एक भाबडा प्रश्न: अमेरिकन गेममध्ये 'मार्क्समन' म्हणजे खालचा दर्जा असतो आणि इथे सगळे त्याला मोठा म्हणताहेत. नक्की काय?

---

ओहायोकर

गेम बरोबर आहे. ब्रिटिश आणि भारतीय पद्धतीत मार्क्समन सगळ्यात वर. अमेरिकन फौजेत तो सगळ्यात खाली. अचानक उभ्या राहणाऱ्या ४० टारगेटपैकी २३ पाडली की मार्क्समन, ३० ला शार्पशूटर, ३६ ला एक्स्पर्ट. म्हणजे मार्क्समनचा बिल्ला लावलेला अमेरिकन सैनिक दिसला तर त्याचा अर्थ 'जेमतेम पास'. मरीन कोअरमध्ये त्या चौकोनी बिल्ल्याला 'पिझ्झाचा खोका' म्हणतात, आणि तो छातीवर असताना पोराचा चेहरा बघावा.

ही उभी राहणारी टारगेटं १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. कोरियानंतर कोणीतरी विचारलं की लढाईत शत्रू काळा गोल होऊन स्थिर थोडाच बसतो? मग माणसाच्या आकाराचे फळे झुडपांत लपवले, ते क्षणभर उभे राहायचे आणि गोळी लागली की पडायचे. पुंगळीसाहेब बोअर युद्धाबद्दल म्हणाले तेच, साठ वर्षं उशिरा. जुने लोक मात्र आजही कुरकुरतात की यामुळे लांबचा बारीक नेम गेला. ३०० मीटरच्या पुढचं टारगेटच त्या परीक्षेत नाही.

त्यांच्यासाठी डिस्टिंग्विश्ड बिल्ला आहे. तो दरवर्षी टिकवावा लागत नाही, एकदा मिळाला की जन्मभराचा. ठरावीक स्पर्धांत, ज्यांच्याकडे अजून तो नाही अशांमधून वरच्या दहा टक्क्यांत यायचं, तेव्हा 'लेग' मिळतो. ३० गुण जमले की बिल्ला. काहींचं अर्धं आयुष्य शेवटच्या लेगमागे जातं.

शंकासुर यांच्या कागदाच्या प्रश्नाला उत्तर: कार्लोस हॅथकॉक. आमच्या ओहायोत लेक एरीच्या काठी कँप पेरी आहे, १९०७ पासून तिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात. १००० यार्डांच्या स्पर्धेला विंबल्डन कप देतात. तोच कप, जो १८७५ मध्ये ब्रिटिशांनी अमेरिकनांना भेट दिला. १९६५ मध्ये हॅथकॉकने तो जिंकला, कागदावरच. पुढच्या वर्षी तो व्हिएतनाममध्ये होता. मरीन स्नायपर्सची शाळा उभारण्यात त्याचा मोठा हात.

---

शंकासुर

बरं, मानलं. पण एक हॅथकॉक म्हणजे पुरावा नव्हे. आमच्या गल्लीतला एक पोरगा पतंग काटण्यात नंबर एक होता, तो आज सीए आहे.

काकूंनी सांगितलेला पूर्ण कंपनीला बिल्ला देण्याचा प्रकार मला सगळ्यात शहाणा वाटला. तसं अजून कुठे आहे का?

---

सुभेदार_नाना

आपल्याकडे पलटणींच्या, कमांडच्या टीम असतात, ट्रॉफ्या असतात. ट्रॉफी कोतमध्ये (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) नाही, क्वार्टर गार्डजवळच्या काचेच्या कपाटात ठेवतात, येणारा-जाणारा बघतो. पण टीम म्हणजे पलटणीतले निवडक आठ-दहा. त्यांना वर्षभर दुसरं काम नाही, राशन वेगळं, गोळ्या हव्या तितक्या. बाकीच्या सातशे जणांना त्याचा काय फायदा? मी स्वतः टीममध्ये नव्हतो, त्यामुळे थोडी जळजळ समजा.

---

रिकामी_पुंगळी

नानांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. राणीचं पदक १८८० च्या दशकात का बंद पडलं याचा खुलासा मला कुठे नीट सापडला नाही म्हणून त्यावर बोलत नाही, पण ज्या पदकासाठी सगळ्या फौजेतून एकच माणूस निवडायचा, त्याचा पलटणीतल्या साध्या शिपायावर परिणाम होणार तरी किती? बाहीवरचा तिरप्या रायफलींचा बिल्ला मधल्या काळात कधी बंद पडला नाही. तो हजारोंना मिळू शकत होता. माझं माप तेच: किती जण तो मिळवायच्या आशेने रेंजवर जातात. त्या मापाने मला कैसरचा कंपनी-बिल्ला, सोव्हिएत क्लब आणि पंधरावर पाच डॉलर हे तीन प्रकार सगळ्यात वर वाटतात. सुवर्णपदकं नंतर.

---

चष्मेवाली

मापात अजून एक घाला: गोळ्या कोणाला मिळतात. बिल्ला फुकट असतो, काडतूस फुकट नसतं. ज्या सरकारने बिल्ला वाटला पण सरावाला गोळ्या वाढवल्या नाहीत, त्याने नुसतं कापड वाटलं.

---

ओहायोकर

@शंकासुर, सांघिक प्रकार आहे. कँप पेरीला सहा जणांच्या तुकडीची एक स्पर्धा होते, बोलीभाषेत तिला 'रॅटल बॅटल' म्हणतात. मी प्रेक्षक म्हणून पाहिली आहे. तुकडीला मिळून ३८४ गोळ्या, समोर आठ टारगेट. ६०० यार्डांवर ५० सेकंद झाडायचं, मग चालत ५०० वर, मग ३०० वर, मग २०० वर. कोणी किती गोळ्या घ्यायच्या, कोणत्या अंतरावर किती संपवायच्या हे तुकडीनेच ठरवायचं. लांबून लागलेल्या गोळीला जास्त गुण, म्हणून सगळ्यांना ६०० वरच उडवायची घाई होते. आणि खरी गंमत म्हणजे, ज्या टारगेटवर किमान सहा गोळ्या लागल्या अशा टारगेटांची संख्या मोजतात आणि तिचा वर्ग करून बोनस देतात. सात टारगेट भरली तर ४९, आठही भरली तर ६४. त्यामुळे सगळ्यात चांगला नेमबाज आपल्या टारगेटवर वीस गोळ्या ठोकून खूश होऊन चालत नाही. कोपऱ्यातल्या टारगेटवर पाचच लागल्या असतील तर सगळी तुकडी मागे पडते, म्हणून कप्तान दुर्बीण लावून मागे बसलेला असतो.

मी पाहिली त्या वर्षी बऱ्याच तुकड्या २०० यार्डांवर पोचेपर्यंत गोळ्या संपवून बसल्या होत्या.